‘सगळ्या भाषांना लागू करा’: तैवानच्या तिकिटाबद्दल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पुण्यातल्या कंपनीत टेस्टिंगला लागून तुम्हाला दोन वर्षं झाली, क्लायंट अमेरिकन आहे. परवा तिकीट (म्हणजे करायच्या कामाची नोंद) आलं: देशांच्या यादीत ‘तैवान’ आहे तिथे ‘तैवान, चीन’ करा, सगळ्या भाषांना लागू करा. त्याच आठवड्यात टीमला तोंडी सांगितलं गेलं की हाँगकाँग, तिबेट असल्या विषयांवर स्वतःच्या खात्यावरूनही काही लिहू नका, लाइकसुद्धा देऊ नका. तुम्ही सीनियरना विचारलंत तर ते म्हणाले, ‘धंद्याचा भाग आहे, तू टेस्ट पास कर.’ तुमचे प्रश्न तीन आहेत. ही सेन्सॉरशिप म्हणायची का? चीनचा नियम अमेरिकन कंपनीच्या मराठी स्क्रीनवर कसा काय चालतो? आणि तुम्ही काय करावं?

मी पुण्यातच बावीस वर्षं लोकलायझेशनमध्ये आहे. एका देशात बनलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या माणसाला वापरता येईल असं करून देणं, हे काम. सुरुवात जर्मन भाषांतरापासून झाली. गेली दहा-बारा वर्षं माझ्याकडे मुख्यतः याद्या, नकाशे, झेंडे आणि चलनांची नावं तपासायला येतात, कारण भांडणं तिथेच होतात. तुमच्या तिकिटासारखी बरीच तिकिटं मी पाहिली आहेत. काही पुढे पाठवली, काही अडवली, आणि एका कामाची खंत अजून मनात आहे. ते पुढे सांगते.

आधी एक साधी शक्यता तपासून घ्या. देशांच्या संकेतांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१६६. त्यात २४९ नोंदी आहेत आणि नावं संयुक्त राष्ट्रांच्या वापरातून घेतलेली आहेत, म्हणून तिथे तैवानचं नाव ‘चीनचा प्रांत’ या शेपटासकट येतं. एखाद्या डेव्हलपरने ती यादी जशीच्या तशी उचलली की कुणाच्याही हुकमाशिवाय ते शेपूट तुमच्या स्क्रीनवर येतं. आपले फोन बहुतेक युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून नावं घेतात. त्यात नुसतं ‘तैवान’ आहे, आणि हाँगकाँगपुढे मात्र ‘एसएआर चीन’ (चीनचा विशेष प्रशासकीय प्रदेश) लावलेलं आहे. तेव्हा तिकीट कुठून निघालं ते आधी बघा. यादी बदलल्यामुळे आलं असेल तर सांगितल्यावर दोन दिवसांत निकाली निघतं. माझ्याकडे अशी निम्मी भांडणं तिथेच मिटली आहेत.

पण तोंडी सूचना त्याच आठवड्यात आली म्हणताय, म्हणजे तुमचं प्रकरण बहुधा तसं नाही. मग मूळ प्रश्नाकडे येऊ.

एखाद्या देशात धंदा करायचा तर तिथला कायदा पाळावा लागतो, आणि यात चीन एकटा नाही. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला विंडोज ९५ ची गोष्ट सांगतात. मायक्रोसॉफ्टमध्ये भूराजकीय बाबी पाहणाऱ्या अधिकाऱ्यानेच ती २००४ साली जाहीरपणे सांगितली. नकाशातल्या आठ लाख पिक्सेलपैकी आठ पिक्सेल हिरव्याच्या वेगळ्या छटेत गेले, काश्मीर भारताबाहेर दिसलं, इथे बंदी आली आणि दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या. आज गूगल मॅप्स भारतात उघडला तर एक सीमा दिसते, बाहेर उघडला तर दुसरी. ते कुणाला पटो न पटो, पण तिथे भारताचा नियम भारतातल्या स्क्रीनवर थांबतो.

म्हणून माझ्या लेखी तुमच्या तिकिटातला काळजीचा भाग ‘तैवान, चीन’ हा नाही. चीनमधल्या चिनी स्क्रीनवर ते लिहावंच लागणार. काळजीचा भाग आहे ‘सगळ्या भाषांना लागू करा’. शांघायच्या ग्राहकासाठी केलेला नियम साताऱ्याच्या माणसाला का लागू व्हावा? भारतातल्या कुठल्याही कायद्याने तसं लिहायला सांगितलेलं नाही, अमेरिकेतल्याही नाही. एका देशाचा नियम त्याची हद्द सोडून दुसऱ्या देशातल्या माणसाला काय दिसेल, काय बोलता येईल हे ठरवू लागला, की मी त्याला सेन्सॉरशिप म्हणते. मग तो हुकमाने ठरवो, भीतीने ठरवो की नुसत्या आळसाने ठरवो.

हद्द कशी ओलांडली जाते ते २०१८ मध्ये उघड दिसलं. जानेवारीत मॅरियट हॉटेलांनी ग्राहकांना पाठवलेल्या प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान ही नावं देशांच्या यादीत होती. शांघायच्या अधिकाऱ्यांनी कंपनीची चिनी वेबसाइट आणि ॲप आठवडाभर बंद करायला लावलं. इथपर्यंत चीनची हद्द आहे असं म्हणता येईल. पण त्याच सुमारास तिबेटवाद्यांच्या एका गटाने या यादीबद्दल कंपनीचं कौतुक करणारं ट्वीट केलं, आणि कंपनीच्या खात्यावरून त्याला लाइक गेलं. तो लाइक देणारा कर्मचारी बसला होता अमेरिकेतल्या नेब्रास्कात, ओमाहा शहरात. त्याची नोकरी गेली. प्रश्नावली त्याने केली नव्हती, चीनशी त्याचा संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुमच्या टीमला जी ‘लाइकसुद्धा नको’ ची सूचना आली, तिचं मूळ मला अशा प्रकरणांत दिसतं. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या कायदा विभागाने तेव्हा ते प्रकरण वाचलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने जगभरातल्या विमान कंपन्यांना पत्रं पाठवली की तैवान, हाँगकाँग, मकाऊ हे देश म्हणून दाखवू नका. ही मागणी फक्त चिनी वेबसाइटपुरती नव्हती, इंग्रजीसकट सगळ्याच वेबसाइटबद्दल होती. मे महिन्यात व्हाइट हाउसने कडक शब्दांत निषेध केला. पण निषेध म्हणजे कायदा नव्हे, आणि विमानं तर रोज शांघायला उतरवायची. कंपन्यांनी आपापला मार्ग काढला. काहींनी ‘तैवान, चीन’ लिहून टाकलं. अमेरिकन एअरलाइन्स, डेल्टा आणि युनायटेड या तिघांनी देशाचं नावच काढलं, नुसतं ‘तैपेई’ ठेवलं. आपल्या एअर इंडियाने जुलै २०१८ मध्ये ‘चायनीज तैपेई’ केलं. ते ऑलिंपिकमधलं नाव आहे. म्हणजे मुंबईहून तिकीट काढणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवरचा शब्द बीजिंगमधल्या एका कार्यालयाच्या पत्राने बदलला. तेव्हा ‘हे पाश्चात्त्यांचं दुखणं, आपल्याला काय’ असं म्हणायला जागा नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एका प्रवास-सॉफ्टवेअरची फाइल आली होती. क्लायंटचं नाव सांगत नाही. एक्सेल शीट, डावीकडे देशांचे संकेत, पुढे अडतीस भाषांचे अडतीस कॉलम. टीडब्ल्यूच्या, म्हणजे तैवानच्या, ओळीत प्रत्येक खान्याला पिवळा रंग आणि एकच शेरा: चीन टीमची विनंती, सर्व भाषांना लागू. मी विचारलं, हिंदी, मराठी, जर्मन यांना कशासाठी? उत्तर आलं ते साधं, प्रामाणिक होतं: यादी एकच आहे, चीनसाठी वेगळी केली तर ती दर वेळी वेगळी सांभाळावी लागेल, बजेट नाही. माझ्या अनुभवात जग असंच पुष्कळदा बदलतं. कुणी दटावलेलं नसतं. एक वेगळी फाइल सांभाळायचा खर्च नको म्हणून एका देशाचा नियम सदतीस भाषांच्या गळ्यात पडतो.

मी तेव्हा दोन गोष्टी सुचवल्या. यादीवरचं शीर्षक ‘देश’ होतं, ते ‘देश/प्रदेश’ करा. हाँगकाँग, प्युर्टो रिको, ग्रीनलँड, तैवान सगळी नावं त्याखाली बसतात आणि कोण कुणाचं यावर कंपनी काहीच बोलत नाही. ही पळवाट नाही, कारण बुकिंगच्या यादीचं काम सार्वभौमत्व ठरवणं हे नाहीच. दुसरं, चीनच्या मुख्य भूमीपुरता बदल झेडएच-सीएन या लोकेलमध्येच, म्हणजे चीनमधल्या चिनी भाषेच्या कॉलममध्येच ठेवा. पहिली सूचना चार तासांत मान्य झाली. दुसरीला तीन आठवडे आणि अकरा मेल लागल्या, पण झाली. त्यांच्या शांघाय ऑफिसातली जी मुलगी ही विनंती घेऊन आली होती, तिच्याशी माझं फोनवर बोलणं झालं. ती कुणाचा आवाज दाबायला निघाली नव्हती. काही झालं तर सरकारी कचेरीत बोलावणं तिला येणार होतं, कॅलिफोर्नियातल्या व्हाइस प्रेसिडेंटला नाही. हे विसरू नका. विनंती पाठवणाऱ्यावर राग काढण्यात काही अर्थ नसतो.

हद्द ओलांडणारी गळती मोठ्या कंपन्यांतही अगदी अशीच होते. चीनमधल्या आयफोनवर तैवानच्या झेंड्याचा इमोजी दिसत नाही. तो लपवणारा कोड मात्र जगातल्या सगळ्या आयफोनांत होता. जुलै २०१८ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की प्रदेशाची सेटिंग गडबडली तर तो कोड चीनबाहेरच्या फोनवरही जागा होतो आणि नुसतं ‘तैवान’ टाइप केलं तरी ॲप बंद पडतं. आयओएस ११.४.१ मध्ये ती चूक दुरुस्त झाली. ४ जून २०२१ ला, बीजिंगच्या तिआनानमेन चौकातलं आंदोलन १९८९ मध्ये लष्कराने चिरडलं त्याच्या स्मृतिदिनी, बिंगवर रणगाड्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाचं चित्र शोधलं तर अमेरिकेतसुद्धा काहीच सापडत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने ती माणसाच्या हातून झालेली चूक असल्याचं सांगितलं. मी टेस्टिंगवाल्यांना नेहमी म्हणते, चूक मान्य. पण जे गाळायचं यंत्रच बांधलेलं नसतं, ते चुकून चालू होत नाही.

यातलं झूमचं उदाहरण मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. २०२० च्या मे-जूनमध्ये अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिआनानमेनच्या स्मरणार्थ झूमवर सभा घेतल्या. चीन सरकारने कंपनीला कळवलं की या सभा आमच्याकडे बेकायदा आहेत. झूमने तीन सभा बंद केल्या आणि घेणाऱ्यांची खाती गोठवली, त्यातली दोन अमेरिकेतली. नंतर कंपनीने स्वतःच कबूल केलं की एका देशातल्या सहभागींनाच रोखायची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून अख्खी सभाच बंद केली गेली. माझ्या एक्सेल शीटचंच हे मोठं रूप. वेगळा कॉलम नाही, मग सगळ्यांनाच लागू. आरडाओरडा झाल्यावर खाती परत सुरू झाली आणि झूमने लिहून दिलं की यापुढे चीन सरकारच्या मागणीचा परिणाम मुख्य भूमीबाहेरच्या कुणावर होऊ देणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने झूमच्या चीनमधल्या एका कर्मचाऱ्यावर या सभा मोडल्याचा आरोप ठेवला.

आता खंत वाटते ते काम. काही वर्षांपूर्वी एका पाश्चात्त्य कंपनीच्या गेमचं काम होतं. मुलं खेळताना एकमेकांशी चॅट करतात, त्यात शिव्या आल्या तर गाळायच्या, म्हणून शब्दांची यादी हिंदी-मराठीत करून द्यायची होती. मूळ यादी कुठल्यातरी पुरवठादाराकडून विकत घेतलेली, हजारो शब्दांची. शिव्यांचं भाषांतर करणं फार कंटाळवाणं काम असतं, यंत्रासारखं होतं. त्या शिव्यांच्या मधे ‘दलाई लामा’ आलं, ‘तिबेट’ आलं, ‘चार जून’ आलं, आणि मी तेही देवनागरीत उतरवून फाइल पाठवून दिली. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी फाइल उघडली तेव्हा ते डोळ्यांत खुपलं. नाशिकचं एखादं पोर आपल्या मित्राला धरमशाळेच्या सहलीबद्दल सांगायला जाईल आणि दलाई लामांच्या नावाजागी चार फुल्या येतील, याची सोय मी माझ्या हाताने करून दिली होती. हुकूम कुणी दिला नव्हता. मी पत्र पाठवून ते शब्द काढायला सांगितले, पण ते निघाले की नाही हे मला कुणी कळवलं नाही. तेव्हापासून यादी कितीही मोठी असो, मी ती आधी पूर्ण वाचते.

हुकूम नसताना गाळणं, हा या विषयातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी दिसणारा भाग. २०१२ साली आलेल्या एका हॉलिवूडपटात अमेरिकेवर हल्ला करणारं सैन्य चित्रीकरणाच्या वेळी चिनी होतं. चिनी वृत्तपत्रांनी टीका केल्यावर स्टुडिओने संगणकावर झेंडे आणि बिल्ले बदलून ते उत्तर कोरियाचं केलं. अमेरिकेत, अमेरिकन प्रेक्षकांसाठी बनलेला चित्रपट. तिथे कुठलं सेन्सॉर मंडळ आड आलं नव्हतं.

असं का होतं, तर रेघ कुठे आहे हे मुद्दाम सांगितलेलं नसतं आणि शिक्षा मात्र केवढीही असू शकते. एच अँड एम या स्वीडिश कपड्यांच्या कंपनीचं बघा. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीबद्दल चिंता व्यक्त करणारं त्यांचं निवेदन २०२० मधलं. ते उकरून काढलं गेलं मार्च २०२१ मध्ये, पाश्चात्त्य देशांनी शिनजियांगच्या अधिकाऱ्यांवर निर्बंध लावल्यानंतर. कम्युनिस्ट युवा संघाच्या एका पोस्टनंतर दोन दिवसांत कंपनीचा माल चीनच्या खरेदीच्या ॲपवरून गायब, दुकानांचे पत्तेसुद्धा नकाशांवरून गायब. कुठलाही खटला नाही, नोटीस नाही, अपील करायला जागा नाही. काल चालत होतं ते आज चालत नाही असं असेल, तर कंपनीतला माणूस रेघेच्या शंभर पावलं अलीकडेच थांबतो. नोकरी त्याचीही असतेच.

एनबीए या बास्केटबॉल लीगचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०१९ ला ह्यूस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं सात शब्दांचं ट्वीट केलं. ट्विटर चीनमध्ये बंदच आहे, म्हणजे ते चिनी वाचकांसाठी नव्हतंच. तरी चीनच्या सरकारी दूरदर्शनने सामने दाखवणं थांबवलं. लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी पुढे नुकसानीचा आकडा ४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो असं सांगितलं. मोरींना काढलं नाही, आणि सिल्व्हर यांनी त्यांच्या बोलण्याच्या हक्काची बाजूही घेतली. पण काही दिवसांनी जपानमध्ये सीएनएनच्या पत्रकाराने दोन खेळाडूंना विचारलं, यापुढे बोलताना तुम्हाला वेगळं वाटेल का? संघाच्या माध्यम अधिकाऱ्याने प्रश्न मधेच तोडला. एनबीएने त्याबद्दल माफी मागितली. मला त्या ४० कोटींपेक्षा तो तोडलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाच्या ट्वीटची किंमत बाकीच्या शेकडो लोकांनी गप्प राहून चुकवली.

तुम्ही विचाराल की अमेरिकेत बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेत आहे, मग हे कसं चालतं. त्यांची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, मालकाचे नाही. खासगी कंपनी नोकराला पोस्टबद्दल काढू शकते, बऱ्याच राज्यांत सहज. आपलं कलम १९ सुद्धा मुळात सरकारविरुद्धच आहे, आणि त्याच्या दुसऱ्या पोटकलमात परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हे निर्बंधाचं एक कारण म्हणून १९५१ पासून लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत ओमाहाच्या त्या माणसाचं स्वातंत्र्य कुणी हिरावलं नाही. व्यवहारात मात्र एका परक्या सरकारने त्याच्या स्वतःच्या देशात त्याला शिक्षा करवून घेतली, आणि मधला हात कंपनीचा होता. कायद्यात या प्रकाराला धड खानाच नाही. हाँगकाँगच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं ३८ वं कलम तर उघडच म्हणतं की हाँगकाँगचा कायमचा रहिवासी नसलेल्या माणसाने बाहेर बसून केलेल्या कृतीलाही तो लागू आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे, ते सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला उंटावरून शेळ्या हाकायला शिकवते आहे असं होईल. गूगलने २०१० मध्ये चीनमधली आपली शोधसेवा बंद केली तेव्हा त्यांचे कारखाने तिथे नव्हते. ॲपलचे बहुतेक फोन तिथेच जुळवले जातात, आणि २०१८ मध्ये त्यांच्या विक्रीचा जवळजवळ पाचवा हिस्सा चीन, हाँगकाँग, तैवान या भागातून आला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्यांना टाळणं फार अवघड. आणि कधीकधी पोळीचा नव्हे, माणसांचा प्रश्न असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाच्या निवडणुकीत ॲपल आणि गूगलने विरोधी नेते नावाल्नी यांच्या बाजूचं मतदानाचं ॲप काढलं, ते त्यांच्या मॉस्कोतल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी आल्यानंतर. माझी टीम तिथे असती तर मी काय केलं असतं? मीही बहुधा ॲप काढलं असतं. मग मी कंपनीकडून दोनच गोष्टी मागते. बदल त्या देशापुरता ठेवा, आणि का केला ते उघड सांगा. २०१८ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने सौदी अरेबियात एका विनोदी कार्यक्रमाचा भाग काढला, सौदी पत्रकार खशोगी यांच्या खुनाबद्दलचा. मला ते आवडलं नाही. पण कुठल्या कायद्याखाली मागणी आली ते त्यांनी सांगितलं, आणि बाकी जगात तो भाग दिसत राहिला. त्यावर निदान वाद घालता आला.

उघड झालं की कधीकधी उलटतंही. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ऑगस्ट २०१७ मध्ये चीनविषयक एका जुन्या नियतकालिकातले तीनशेच्या वर लेख आणि परीक्षणं चीनमधल्या वाचकांसाठी बंद केली. यादी बाहेर आली, अभ्यासकांनी बहिष्काराची भाषा केली, आणि काही दिवसांत सगळे लेख परत आले. चिनी टेनिसपटू पेंग श्वाई एका माजी उपपंतप्रधानांवर आरोप केल्यावर दिसेनाशी झाली, त्या प्रकरणात महिला टेनिस संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये चीनमधल्या स्पर्धा थांबवल्या, संघटनेच्या मागण्या काही मान्य झाल्या नाहीत, आणि २०२३ मध्ये स्पर्धा तिथे परत सुरू झाल्या. दोन्ही सांगते, कारण तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही.

तुम्ही काय करावं. टेस्ट फेल करून बंड करू नका. दोन वर्षांचा अनुभव आहे, घराचे हप्ते असतील, आणि त्या एका खान्यासाठी नोकरी घालवावी असं मी कुणाला सांगणार नाही. पण तिकिटात प्रश्न विचारणं हे टेस्टरचं कामच आहे, त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. शांतपणे, कामाच्या भाषेत लिहा: हा बदल कुठल्या कायद्यामुळे किंवा कुठल्या बाजारासाठी आहे? झेडएच-सीएनपुरता ठेवता येईल का? हिंदी, मराठी, इंग्रजीत तो ठेवण्याचं कारण काय? शीर्षक ‘देश/प्रदेश’ केलं तर गरज भागेल का? त्याबरोबर आणखी एक ओळ घाला, ती मॅनेजर लोक नक्की वाचतात: हा बदल तैवानमधल्या ग्राहकांनाही दिसेल, तो तिथल्या टीमने पाहिला आहे का? पुष्कळदा पाहिलेला नसतो, आणि तिकीट तिथेच थांबतं.

तोंडी सूचनेबद्दल: ती लेखी मागा. मेलवर एवढंच विचारा की कंपनीच्या सोशल मीडिया धोरणातला हा कुठला नियम, आणि तो कंपनीच्या खात्यांना लागू की खासगी खात्यांनाही. माझ्या अनुभवात अशा सूचना लेखी मागितल्या की अर्ध्या विरून जातात, कारण कुणालाच त्याखाली स्वतःचं नाव नको असतं. लेखी आलीच, तर नेमणूकपत्र आणि ते धोरण घेऊन कामगार कायदे जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. तोवर कंपनीचं नाव खात्यावर असेल तर काढून टाका. आणि टीममध्ये तिबेटी, हाँगकाँगचा किंवा चीनचा कुणी सहकारी असेल तर त्याला बोलायचा किंवा सही करायचा आग्रह करू नका. त्याचे आईवडील कदाचित तिथे असतील. गप्प राहायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

एवढं विचारूनही क्लायंट ‘सगळ्या भाषांना’ म्हणालाच, तर काम करा, पण निर्णय कुणाचा हे तिकिटात नावानिशी आणि तारखेनिशी नोंदवून घ्या. माझ्या त्या अडतीस कॉलमांच्या फाइलमध्ये ती नोंद होती. दोन वर्षांनी नवीन प्रॉडक्ट मॅनेजर आला, त्याने ती वाचून मला फोन केला, आणि तशाच पिवळ्या झालेल्या आणखी दोन ओळी आम्ही मिळून पूर्ववत केल्या.